दुपट्टा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझी भाची लॅपटॉप काखेत मारून घरी आली. ती उपयोजित कला शिकते. कॉलेजात त्यांना एक काम दिलं होतं: सत्य गुन्ह्यावरच्या एका माहितीपटाचं पोस्टर करायचं. माहितीपट कल्पनेतला चालेल, गुन्हा मात्र खरा हवा. आधी संशोधन करायचं, त्याची वही भरायची, मग पोस्टर. हिनं गुन्हा निवडला होता आपल्या गोव्यातलाच. शिरोड्याच्या महानंद नाईकाचा.

"मामा, हें पळय," म्हणत तिनं पडदा माझ्याकडे वळवला.

काळीकुट्ट पार्श्वभूमी. वरून खालपर्यंत उतरत आलेला एक लालभडक दुपट्टा, खालच्या टोकाला गाठ. दुपट्ट्याच्या चुण्यांत नीट पाहिलं तर एका पुरुषाचा अर्धा चेहरा दिसत होता, एक डोळा आपल्यावर रोखलेला. खाली पांढऱ्या अक्षरांत तीन तुकडे: १६ बायका. १५ वर्षं. एक दुपट्टा.

मी म्हटलं, फर्मास झालंय! खरंच झालं होतं. रस्त्यात कुठे लावलेलं दिसलं असतं तर मी स्कूटर थांबवून पाहिलं असतं. भाची खूश झाली, चहा-शंकरपाळी खाऊन गेली. आणि मग दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट सुचली आणि ती डोक्यातून जाईना. महानंदचं नाव मला पाठ आहे. त्याचं गाव ठाऊक आहे. २००९ साली वर्तमानपत्रांत छापून आलेला त्याचा चेहरा आजही डोळ्यांसमोर येतो. पण त्या सोळा बायकांपैकी एकीचंही नाव मला आठवेना. एकीचंही नाही. आणि मी काही परगावचा माणूस नव्हे. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी पेपर उघडून हीच बातमी आधी वाचणाऱ्यांतला मी एक.

मंडळी, आजचा लेख त्या पोस्टरविषयी आहे, आणि थोडा माझ्या त्या विसरण्याविषयी.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही, किंवा तेव्हा जे लहान होते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एप्रिल २००९ मध्ये महानंद नाईक पोलिसांच्या हाती लागला. १९९४ पासून पंधरा वर्षांत त्यानं सोळा बायकांचे जीव घेतले, असं पोलिस तपासातून पुढे आलं. पद्धत ठरलेली. लग्नाचं वय उलटत चाललेली, बेताच्या परिस्थितीतली मुलगी हेरायची, ओळख वाढवायची, लग्नाचं वचन द्यायचं. मग एक दिवस घरच्या माणसांना दाखवतो म्हणून बोलवायचं, येताना अंगावर दागिने घालून ये म्हणायचं, आडजागी न्यायचं आणि तिच्याच दुपट्ट्यानं तिचा गळा आवळायचा. सोनं विकून टाकायचं. पुढे खटले उभे राहिले. काहींत त्याला जन्मठेप झाली, कित्येकांत पुराव्याअभावी तो सुटला.

वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं ‘दुपट्टा किलर’. हे नाव इतकं घट्ट बसलं की २०२४ साली या प्रकरणावर माहितीपट आला तेव्हा त्याचंही नाव तेच होतं.

आता या नावाकडे जरा थांबून पाहा. दुपट्टा कोणाचा होता? त्याचा नव्हता. तो त्या मुलीचा होता. आपल्या आवडीच्या माणसाला, त्याच्या घरच्यांना भेटायला जायचं म्हणून कपाटातून काढून, इस्त्री करून, खांद्यावर पिना लावून तिनं तो घेतला असणार. तिच्या अंगावरची ती चीज मारणाऱ्यानं हत्यार म्हणून वापरली, आणि आपण सगळ्यांनी मिळून ती त्याला बिरूद म्हणून बहाल केली. माझ्या भाचीच्या पोस्टरवर लाल दुपट्टा होता तो त्याचा झेंडा म्हणून होता. तिच्या मनात तसं काही नव्हतं, पण चित्र तेच म्हणत होतं.

गोव्याशी संबंध आलेला दुसरा असाच माणूस म्हणजे चार्ल्स शोभराज. १६ मार्च १९८६ ला तिहारमधून पळाला आणि ६ एप्रिलला पर्वरीच्या एका हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला पकडला. ही कथा पर्वरीत लहान पोरालाही ठाऊक असते. शोभराजला जगानं दिलेलं नाव काय? ‘बिकिनी किलर’. तेही मेलेल्या बायकांच्या अंगावरच्या कपड्यावरून! दोन माणसं, दोन वेगळे काळ, एक पॅरिसच्या थाटाचा आणि एक शिरोड्याचा, पण बारसं करण्याची रीत एकच. बाईचं वस्त्र घ्यायचं आणि मारेकऱ्याच्या नावापुढे लावायचं.

आणि पर्वरीच्या त्या हॉटेलात पुढे शोभराजचा पुतळा बसवला गेला, माणसाएवढा, खुर्चीत बसलेला. पाहुणे त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. मी स्वतः एकदा मुंबईच्या पाहुण्यांना तो पुतळा मोठ्या कौतुकानं दाखवलेला आहे. थायलंडमध्ये, नेपाळात जी तरुण मुलंमुली सत्तरच्या दशकात जग बघायला म्हणून निघाली आणि घरी परतली नाहीत, त्यांचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

असो. तर भाचीला मी फोन केला आणि म्हटलं, पोस्टर चांगलं आहे, पण तुझ्या संशोधनाच्या वहीत काय आहे ते दाखव.

वहीत होतं ते असं: देशोदेशीच्या गुन्हेविषयक माहितीपटांची पोस्टरं, तीस-चाळीस. त्यांतले रंग मोजलेले: काळा, लाल, राखाडी. त्यांतल्या खुणा मोजलेल्या: बोटाचा ठसा, फाटका कागद, पिवळी पट्टी, टाचण्या टोचून लाल दोऱ्यानं जोडलेले फोटो, अर्धा अंधारात बुडालेला चेहरा. म्हणजे तिनं पोस्टरांचं संशोधन केलं होतं. गुन्ह्याचं केलं नव्हतं. दोष तिचा नाही, शिकवतातच असं: ‘या प्रकारची भाषा ओळखा आणि त्या भाषेत बोला.’ पण ही भाषा कोणाची? आपल्या पंचनाम्यात लाल दोरा नसतो. आपल्याकडचा मुद्देमाल म्हणजे कापडात शिवलेलं पुडकं, त्यावर लाखेची मोहोर, पंचांच्या सह्या, नंबराची चिठ्ठी. पुरावा म्हणून कोर्टात आलेला दुपट्टा लाल मखमलीसारखा लहरत नाही. तो घडी घालून, गाठोड्यात बांधून, वर्षानुवर्षं मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतो. एवढं जरी वहीत असतं तरी चित्र वेगळं झालं असतं.

मग आम्ही दोघं पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. १८३२ पासूनची ही संस्था, आणि जुने अंक चाळायला गोव्यात याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. म्हटलं, महानंदच्या बातम्या शेवटी वाचू. आधी १९९४ पासूनचे पेपर नुसते चाळ, आणि आतल्या पानांवरच्या ‘बेपत्ता’ सूचना बघ. त्या सोळांपैकी कोणी त्यात सापडते का ते शोधायला आम्ही गेलो नव्हतो. ती सूचना लिहिलेली कशी असते, एवढंच तिला दाखवायचं होतं.

तुम्हीही त्या वाचल्या असतील. वाचल्या म्हणजे नजरेखालून गेल्या असतील. बोटभर चौकट. कधी अंधूक फोटो, कोणत्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, शेजारच्या माणसाचा खांदा तसाच राहिलेला. खाली वय, उंची, बांधा, रंग गव्हाळ किंवा सावळा. कुठली भाषा बोलते. आणि मग हमखास एक वाक्य: घरातून निघताना अंगात अमुक रंगाचा पंजाबी ड्रेस व तमुक रंगाची ओढणी आहे. शेवटी, कोणास आढळल्यास नजीकच्या पोलिस ठाण्यास कळवावे.

भाची त्या ओढणीच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. मला काही बोलावं लागलं नाही. त्या सूचनेतही दुपट्टाच होता, पण तिथे तो ओळखीची खूण होता. आई-बापानं, भावानं आठवून आठवून सांगितलेला रंग. कोणी तरी, कुठल्या तरी बसस्टॉपवर, तो रंग पाहून आपल्या मुलीला ओळखावं म्हणून. एकाच वस्त्राचे हे दोन अर्थ, आणि पोस्टर करणाऱ्याला त्यातला एक निवडावाच लागतो. दुपट्टा चित्रात घ्यावा की न घ्यावा हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या बाजूनं घ्यायचा, हा आहे.

या निमित्तानं आणखी एक गोष्ट बोलायची आहे. पूर्वी आपण गुन्ह्यांना नावं कशी द्यायचो? १९७६-७७ साली पुण्यात झालेल्या त्या दहा खुनांना मराठी माणूस आजही ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणतो. ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली त्यांची ही नावं. मारणारे चौघं १९८३ मध्ये येरवड्यात फासावर गेले, पण प्रकरणाला त्यांचं नाव लागलं नाही. दहाच्या दहा जण त्या नावात मावले नाहीत हे खरं, तरी ते नाव घेताना आधी आठवतात ती माणसं मेलेली. परभणी जिल्ह्यातलं १९७२ नंतरचं प्रकरण गावाच्या नावानं ओळखलं गेलं, ‘मानवत’. त्यात गाव बदनाम झालं, ही त्याची दुसरी बाजू. आणि मुंबईत १९६८ मध्ये पकडला गेलेला रमण राघव, तो मात्र स्वतःच्या नावानं उरला. त्यानं फुटपाथवर मारलेली झोपलेली गरीब माणसं कोण होती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे तिन्ही रीती आपल्याकडे होत्या. माझं म्हणणं एवढंच की हळूहळू तिसरीच रीत उरली, आणि तिलाही आता इंग्रजी टोपणनावाची झालर लागली. गरिबाघरच्या मुलींना आपल्या नावाचं हत्याकांडसुद्धा मिळत नाही.

आता दुसरी बाजू. भाचीनं ती माझ्यापुढे मांडलीच, आणि तिचा मुद्दा कच्चा नव्हता. ती म्हणाली, मामा, पोस्टर म्हणजे स्मारक नव्हे. लोकांनी पाहावं म्हणून ते असतं. पाहिलंच नाही तर तुझ्या त्या बायकांची कथा तरी कोणापर्यंत पोचणार?

तिच्या वहीतच नेटफ्लिक्सनं २०१६ साली स्वतः जाहीर केलेली माहिती होती. एखादं चित्र पाहणारा त्याला सरासरी १.८ सेकंद देतो. चित्रात तीनपेक्षा जास्त माणसं असली की ते कमी चालतं. आणि मुलांच्या व मारधाडीच्या चित्रपटांत खलनायकाचा चेहरा लावला तर तो विशेष चालतो. आता हा हिशेब आपल्या प्रकरणाला लावून बघा. सोळा बायका, त्या तीनपेक्षा जास्त. खलनायक एक. पावणेदोन सेकंद. निकाल आधीच लागलेला आहे, चित्रकाराच्या हातात फक्त रंग भरणं उरतं.

मला यावर हसू आलं ते आपल्या तियात्रांच्या पोस्टरांची आठवण येऊन. मडगावला जाताना बघा, एकेका फलकावर पंधरा-वीस चेहरे. नायक, नायिका, विनोदवीर, गाणारे, सगळे. कोणाला वगळलं तर तो रुसेल! आपल्या गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या जाहिरातीतही गणपतीच्या कामाला असलेल्या पोराचं नाव असतं. आणि लोक त्या फलकासमोर उभे राहून एकेक चेहरा ओळखत बसतात. तीनच माणसं पाहण्याएवढीच आपली नजर आहे, हे आपल्याला कोणी तरी शिकवलंय. पण हेही कबूल करतो की तियात्राचा फलक रस्त्यावर सहा फुटांचा असतो आणि भाचीचं पोस्टर मोबाइलवर दोन बोटांएवढं दिसणार. जागेचा प्रश्न खोटा नाही.

विकण्याची निकडही खोटी नाही. एरॉल मॉरिस या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९८८ चा ‘द थिन ब्लू लाइन’ हा या प्रकारातला मानदंड मानला जातो. डॅलसमध्ये १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला, त्यासाठी रँडल अ‍ॅडम्स नावाच्या माणसाला आधी फाशीची आणि मग ती कमी करून जन्मठेपेची शिक्षा झाली. तो निरपराध असल्याचं मॉरिसनं साक्षीदारांना कॅमेऱ्यासमोर बसवून उलगडून दाखवलं, आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला. सिनेमानं माणूस तुरुंगातून सोडवल्याची अशी उदाहरणं जगात फार नाहीत. पण त्याचं पोस्टर? त्यात या प्रकरणातल्या चटकदार चिजा एकापाठोपाठ मांडून, चॉकलेट मिल्कशेकसकट, रहस्यकथेचं विनोदी कोडं असावं तशी जाहिरात होती. वितरकांना माहितीपट हा शब्दच नको होता. आता सांगा, ते पोस्टर वाईट म्हणायचं? त्यानं लोक आत आले असतील, आत आले म्हणून चर्चा झाली असेल. माझ्याकडे याचं एका वाक्यात उत्तर नाही. पण एक फरक मला दिसतो. त्या पोस्टरनं सिनेमाशी गंमत केली, कोणाला नायक केलं नाही. मारेकऱ्याचा रोखलेला डोळा लावणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात त्याला रुबाब मिळतो. २०१९ मध्ये टेड बंडीवरची मालिका आली तेव्हा लोक त्याच्या देखणेपणाचीच इतकी चर्चा करू लागले की नेटफ्लिक्सलाच त्याबद्दल जाहीर टोकावं लागलं. आपणच पेरायचं आणि उगवलं की कपाळाला हात लावायचा, त्यातला प्रकार!

भाचीच्या पोस्टरवरच्या त्या तीन तुकड्यांतला पहिला आकडाही मी तिला पुसायला लावला. ‘१६ बायका’. हा आकडा पोलिसांचा. न्यायालयानं सोळाच्या सोळा खून त्याच्यावर शाबीत धरलेले नाहीत. लेखात आपण ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ असं लिहू शकतो. पोस्टरवर ‘म्हणण्यानुसार’ला जागा नसते. तिथे जे लिहिलं ते ठाम होतं, म्हणून पोस्टर करणाऱ्यानं वकिलाइतकंच निकालपत्र वाचायला हवं. खटला चालू असेल तर आणखीच जपायला हवं. इंद्राणी मुखर्जी प्रकरणावरची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये यायची होती, खटला तेव्हा सुरूच होता. सीबीआय न्यायालयात गेली, मुंबई उच्च न्यायालयानं ती आधी पाहिली आणि मगच २९ फेब्रुवारीला ती लोकांसमोर आली. मालिका निदान पाहून ठरवता येते. पोस्टर तर रस्त्यात, सगळ्यांच्या आधी, कोणालाही न विचारता बोलून मोकळं झालेलं असतं.

फोटोंचंही तेच. भाचीला मग असं वाटू लागलं की मारेकऱ्याऐवजी त्या बायकांचेच फोटो लावावेत. मनात चांगलं होतं, पण तेही इतकं सोपं नाही. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आधी ते दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ७२ आहे. आणि बाई हयात नसली तरी ही बंदी उठत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. कायदा सोडा. ज्या घरात पंधरा वर्षं त्या मुलीचं नाव दबक्या आवाजात घेतलं गेलं, त्या घराला न विचारता तिचा चेहरा भिंतीवर चिकटवायचा? तो पुन्हा एकदा तिला घराबाहेर काढण्याचाच प्रकार झाला.

दबक्या आवाजात का, हे सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा मला तिथे दिसतो. एक माणूस इतकी वर्षं हे करत राहिला ते तो फार हुशार होता म्हणून नव्हे. तो चालला तो आपल्या एका वाक्यावर. ‘पळून गेली असेल कोणाबरोबर.’ मुलगी घरातून गेली, सोनं घेऊन गेली, म्हणजे नक्कीच कोणाचा तरी हात धरून गेली. मग तक्रार कशाला, चारचौघांत शोभा कशाला. २००९ साली बातम्यांतून हेच पुन्हा पुन्हा येत होतं की कित्येक घरांनी आपली मुलगी कुठे तरी संसार करत असेल असं समजून दिवस काढले. लग्न ठरत नाही म्हणून तिला घरात टोचणारे आपण, आणि गेली तेव्हा पळाली म्हणून गप्प बसणारेही आपणच. महानंदला हे आपल्याविषयी पक्कं ठाऊक होतं. त्याचा डोळा पोस्टरवर लावला की हे सगळं झाकलं जातं. एक राक्षस होता, तो सापडला, संपलं! चुण्यांतल्या त्या अर्ध्या चेहऱ्यामागे आपलं अख्खं गाव निवांत लपतं.

म्हणून माझं मत असं की अशा माहितीपटाच्या पोस्टरचं संशोधन इतर पोस्टरांत करू नये. ते तीन ठिकाणी करावं: निकालपत्रात, मुद्देमालाच्या यादीत आणि माणूस हरवल्यावर घरच्यांनी वापरलेल्या शब्दांत. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. आणि मारेकऱ्याचा चेहरा लावण्याआधी एक प्रश्न विचारावा, हा माणूस अजून कोणाला ओळखायचा राहिलाय का? पोलिसांना तो हवा असेल तर जरूर लावा, गल्लोगल्ली लावा. तो तुरुंगात असेल तर त्याच्या चेहऱ्याचं काम संपलं.

भाचीनं शेवटी काय केलं ते सांगतो. काळा रंग गेला. लाल गेला. वर्तमानपत्री पिवळट कागद, त्यावर मधोमध एकच मोठी चौकट, ‘बेपत्ता’ सूचनेची. फोटोची जागा रिकामी. खाली मजकूर, तिनं स्वतः रचलेला, कोणाही खऱ्या मुलीचा नव्हे: वय, उंची, रंग, बांधा, घरातून निघताना अंगावर असलेले कपडे, हिरवट ओढणी, तिच्या कडेला पांढरं भरतकाम. माहितीपटाचं नाव तिनं सूचनेच्या शेवटच्या शब्दावरूनच घेतलं: ‘कळवावे’.

तिच्या सरांना ते फारसं पटलं नाही. मोबाइलवर मजकूर वाचता येत नाही म्हणाले, आणि ते खरंच आहे, मी करून पाहिलं. गुन्हा आहे हे लगेच कळत नाही म्हणाले, तेही खरं. मार्क बरे पडले, फार नाहीत. पहिलं पोस्टर दिलं असतं तर जास्त पडले असते, यात मला शंका नाही.

पण एक सांगतो. ते पहिलं, लाल पोस्टर तिनं घरी दाखवलं होतं तेव्हा माझी बहीण, म्हणजे तिची आई, लगेच म्हणाली होती, "हो तोच न्ही, शिरोड्याचो?" आणि मग तासभर त्याच्याविषयीच बोलणं. तो कसा दिसायचा, कसा बोलायचा, आता बाहेर आलाय की आतच आहे. दुसरं पोस्टर तिनं स्वयंपाकघरात फ्रीजला टेकवून ठेवलं होतं. बहिणीनं हातातलं खोबरं खाली ठेवलं, चष्मा लावला आणि चौकटीतला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ओढणीचा रंग पुन्हा एकदा वाचला. आणि मग मुलीकडे वळून तिनं विचारलं,

"खंयची गो ही? मागीर मेळ्ळी?"